नाल रस्त्याचा, खूर आपला



जिल्हा बैठकीच्या अंकात कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी सोडून आम्ही घोड्याच्या पायाविषयी लिहायला बसलो, हे पाहून काही जणांना आमच्या डोक्यात फरक पडला असे वाटेल. वाटू द्या. लेख शेवटपर्यंत वाचा आणि मग गोठ्यात जाऊन आपल्या बैलाचा पुढचा पाय उचलून पाहा. तो तळवा गेल्या वर्षभरात आपण किती वेळा पाहिला, हे स्वतःलाच विचारा. जे उत्तर येईल त्यासाठीच हा लेख आहे.

गेल्या हिवाळ्यात रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत जाणे झाले. तिकडचा शेतकरी आणि आपण यांत मोठा फरक. तिकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, पीक भाताचे, पाणी कुठे साठवावे याची चिंता नाही तर कुठून काढून द्यावे याची. आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटरवर कापूस, ज्वारी आणि तुरीचा जुगार. तरी जनावराच्या पायाची गोष्ट दोन्हीकडे एकच निघाली. पेणहून रोह्यापर्यंतच्या चाळीसएक किलोमीटरच्या वाटेवर आम्ही तीन तऱ्हेचे पाय पाहिले.

पहिला पाय पेणच्या बाहेर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला. पेंढ्याने भरलेली बैलगाडी चालली होती. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकलेल्या होत्या आणि काँक्रीटवर त्यांचा टक टक आवाज येत होता. गाडीवान म्हणाला, रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून पत्र्या लवकर झिजतात आणि पाऊस पडून गेला की चढाला बैलाचा पाय सटकतो. नालबंद घाटावरून येतो, तोही दोन-अडीच महिन्यांनी. मधल्या काळात पत्री निघाली तर बैल तसाच जुंपायचा.

दुसरा पाय नागोठण्याच्या पुढे, मुंबईच्या एका गृहस्थाच्या वाडीवर. त्यांनी हौसेने घोडा पाळला आहे. घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांत रबरी तळाचे, पट्ट्याने आवळलेले बूट होते. फेरी मारून आल्यावर घोडा सांभाळणाऱ्या गावातल्याच पोराने ते बूट काढले, धुतले आणि खुंटीला उलटे टांगले. आम्हाला हसू आले. शेतकऱ्याच्या पायात धड चप्पल नाही आणि इथे घोड्याला बूट! त्या वेळी हसलो ते चुकलेच, हे पुढे कळले.

तिसरा पाय रोह्याजवळ, भात कापलेल्या खाचरात. तिथे धनगरांचा वाडा उतरला होता. पाऊस सरला की ही माणसे मेंढरे घेऊन घाट उतरतात, खाचरांत मेंढरे बसवून शेताला खत देतात आणि पावसाळ्याआधी परत वर चढतात. सगळे बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोंबड्या आणि लहान पोरेसुद्धा घोड्यांच्या पाठीवर. त्या वाड्यात आम्ही पाहिलेल्या एकाही घोड्याच्या पायात लोखंड नव्हते. चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला विचारले, "आजी, यांना नाल मारत नाही का?"

आजी म्हणाली, "रानातनं चालतंय बाबा त्ये. लोखंड रस्त्याला लागतंय, रानाला कशाला? सांजच्याला पाय बघायचा, खडा काढायचा, वाढलं तर तासायचं."

शेतकीची पदवी घेतलेल्या आम्हाला जे वाक्य कोणत्या पुस्तकात सापडले नव्हते ते आजीने चुलीत लाकूड सारता सारता सांगितले. या लेखात आम्ही तेवढेच उलगडून सांगणार आहोत.

आमच्याच गोठ्यातली गोष्ट

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे आम्ही शहाणपण शिकवायला बसलो आहोत असे वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग लागायच्या आधी बैल "तयार" करायचे म्हणून आम्ही जोडीला नव्या पत्र्या मारून घेतल्या. का मारल्या? वडील मारायचे म्हणून. तिफण आणि डवरा चालायचा काळ्या मातीत, गाडी तर वर्षात चार वेळाही रस्त्याला लागत नव्हती. तरी बैल दोराने पाडला, पाय बांधले आणि आठ पत्र्या ठोकल्या. एक खिळा जिवंत भागाला लागला असणार. बैलाने पाय झटकला होता, पण घाईत तिकडे लक्ष दिले नाही.

पाचव्या दिवशी पाऊस पडला. सातव्या दिवशी वाफसा आला आणि त्याच सकाळी बैल तीन पायांवर उभा. खूर गरम, बोट लावले की पाय ओढून घेई. आत पू झाला होता. पशुवैद्यकाने पत्री काढून पू वाहता केला; बैल वाचला, पण जुंपायला दोन आठवडे गेले. गावात त्या दिवसांत दुसऱ्याचा बैल मागायचा कोणाकडे? सगळ्यांची पेरणी एकाच वेळी. ट्रॅक्टरवाल्याकडे रांग. आमची ज्वारी आणि कापूस सहा दिवस उशिरा पेरला गेला. जमिनीची वरची ओल उडाली होती, उगवण विरळ झाली, आणि नांगे भरता भरता बियाण्याचा खर्च दीडपट झाला.

कोरडवाहू शेतीत वाफसा दोन-तीन दिवसांचा पाहुणा असतो. त्या दोन-तीन दिवसांत बैलाचे चारही पाय जमिनीवर असले तर हंगाम, नाही तर बैल गेला आणि झोपा केला. म्हणून खूर ही हौशी माणसांनी बोलायची गोष्ट नाही. तो उत्पादनखर्चाचा प्रश्न आहे.

खूर म्हणजे मेलेले शिंग नव्हे

घोड्याचा खूर म्हणजे एकाच बोटाचे नख. बाहेर कठीण भिंत, खाली किंचित खोलगट तळवा आणि तळव्याच्या मागच्या अर्ध्यात रबरासारखा त्रिकोणी मऊ भाग. भिंतीला संवेदना नाही, आपल्या नखाच्या पुढच्या टोकासारखी. पण तिच्या आत बोटभर अंतरावर रक्त आहे, नस आहे, हाड आहे.

घोडा पाय टेकतो तेव्हा टाचेकडचा भाग किंचित फाकतो, उचलतो तेव्हा पुन्हा जवळ येतो. तो त्रिकोणी भाग आणि त्याच्या वरची गादी धक्का झेलतात, आणि या दाबण्या-सुटण्याने पायातले रक्त वर ढकलायला मदत होते. म्हणजे चालणे हेच खुराचे पोषण. खुंट्याला बांधलेल्या जनावराचा खूर बिघडतो त्याचे एक कारण हे.

भिंत सतत वाढते. घोड्याची महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर, बैलाची त्याच्या निम्म्याने. घोड्याच्या पुढच्या भागात वरपासून खालपर्यंत नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागते. वाढ आणि झीज यांचे गणित जुळले तर खुराला काही लागत नाही. झीज जास्त झाली तर तळवा जमिनीला टेकतो आणि जनावर दुखते. वाढ जास्त झाली तर खूर लांबतो, चिरतो, पाय वाकडा पडतो. सगळा प्रश्न या जमाखर्चाचा आहे.

लोखंड काय देते, काय घेते

नालाचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. जनावर रोज दगडी, डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर ओझे ओढत असेल तर झीज वाढीच्या पुढे जाते, आणि लोखंड ती झीज स्वतःवर घेते. पेशवाईच्या कागदांत "नालबंदी" हा शब्द येतो. मोहिमेवर निघण्याआधी स्वारांना घोड्यांच्या तयारीसाठी जी रक्कम आगाऊ दिली जाई ती नालबंदी. दूरच्या मुलखात दौड करणाऱ्या फौजेला नाल हवाच होता. साखर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या बैलालाही तो हवा.

पण लोखंड फुकट काम करत नाही. खिळ्यांनी पक्का केलेला नाल खुराला मोकळेपणी फाकू देत नाही. तळव्याचा मऊ त्रिकोण जमिनीपासून उचलला जातो आणि धक्का झेलायचे त्याचे काम कमी होते. सगळे वजन खुराच्या कडेवर येते. खूर मात्र नालाखाली वाढतच राहतो, म्हणून घोड्याचा नाल सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर तासून पुन्हा बसवावा लागतो. आपल्याकडे असे कोण करतो? नाल पडेपर्यंत ठेवायचा ही रीत. तोपर्यंत खूर नालाच्या बाहेर वाढतो, खिळे सैल होतात, भिंतीला भोके मोठी पडतात आणि पुढचा खिळा धरायला जागा उरत नाही.

खिळा जिवंत भागाला लागला तर काय होते ते वर सांगितले. घोड्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. धनुर्वात घोड्याला फार सहज होतो आणि खुरातली खोल जखम ही त्याची नेहमीची वाट. ज्यांच्याकडे घोडा, शिंगरू किंवा खेचर आहे त्यांनी धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

बूट ही नवी कल्पना नाही

घोड्याच्या पायात काही घालायचे आणि काम झाले की काढायचे, ही युक्ती नालापेक्षा जुनी. रोमन लोक लोखंडी तळाचे जोडे घोड्याच्या खुराला दोरीने किंवा कातडी वादीने बांधत. खिळ्यांनी ठोकलेला नाल युरोपात सर्रास झाला तो दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास. त्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, झेनोफोन या ग्रीक सेनानीने घोड्यांवर ग्रंथ लिहिला. खूर कणखर व्हावेत म्हणून घोडा गोल गोट्यांच्या अंगणात उभा करावा, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे अनवाणी पाय, बूट आणि नाल या तिन्ही वाटा माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत.

आजचा रबरी-प्लॅस्टिकचा बूट १९७० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला. सुरुवातीला तो मोटारीच्या जादा चाकासारखा होता. रानात नाल पडला तर घरापर्यंत यायला. पुढे लोकांच्या लक्षात आले की खूर नीट तासला तर रोजच्या कामालाही तो चालतो. कॅलिफोर्नियात डोंगरातून एका दिवसात शंभर मैल घोडा न्यायची टेव्हिस नावाची स्पर्धा असते. ती बूट घातलेल्या घोड्यांनी पुरी केलेली आहे. तेव्हा ही नुसती श्रीमंतांची चैन आहे, असे म्हणून सुटका नाही.

बुटाचे फायदे साधे आहेत. खिळा नाही, म्हणून भोक नाही. तळवा झाकला जातो, रबर धक्का झेलते, गुळगुळीत रस्त्यावर लोखंडापेक्षा पकड चांगली. आणि काम संपले की पाय मोकळा. खूर पिकला, आत औषधाची पट्टी ठेवायची असेल तर बुटासारखे साधन नाही. आपण काय करतो? गोणपाटाचा तुकडा गुंडाळतो आणि सुतळीने बांधतो. तोही खुराचा बूटच. फक्त तो शेणात भिजतो आणि दुसऱ्या दिवशी घसरतो.

आता दुसरी बाजू. बूट मापाचा हवा. अर्ध्या बोटाने सैल असला तर फिरतो, घट्ट असला तर टाचेवरच्या मऊ कातडीला घासून जखम करतो. चिखलात तो निघून येतो, आत पाणी आणि खडे साठतात. रोह्याच्या पावसाळ्यात दिवसभर बूट घालून ठेवला तर खूर नरम पडून कुजट वास मारायला लागेल. दर चार-सहा आठवड्यांनी खूर तासणे चुकत नाही. वर्षानुवर्षे नाल घातलेल्या घोड्याचा नाल काढला तर त्याचा पाय काही महिने हळवा राहतो. त्या काळात त्याला मऊ जमिनीवर आणि हलक्या कामावर ठेवावे लागते, आणि ज्याचे पोट घोड्यावर चालते त्याला ही सुट्टी कोण देणार? शिवाय चांगला बूट बहुधा बाहेरच्या देशातून येतो आणि त्याची किंमत आपल्या ऐपतीची नाही.

म्हणून आमचे मत असे की बूट हे चांगले हत्यार आहे, पण तो नालाच्या जागी आंधळेपणाने बसवायचा नवा नाल होऊ नये.

माथेरानचा धडा

रायगड जिल्ह्यातच, कर्जत तालुक्यात माथेरान आहे. तिथे मोटारगाड्यांना बंदी. २००३ साली तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. प्रवासी आणि ओझे नेण्याचे काम शेकडो घोड्यांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. रस्ते लाल मातीचे.

पावसात माती वाहून जाते म्हणून रस्त्यांवर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली. घोडेवाल्यांनी तक्रार केली की उतारावर ब्लॉकवरून नाल मारलेले घोडे घसरतात. दुसरीकडे हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा हवी होती आणि तिला कठीण रस्ता लागतो. दोघेही गरीब आणि दोघांचेही म्हणणे खरे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला सांगितले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकला परवानगी दिली आणि आतल्या रस्त्यांवर व पायवाटांवर ते बसवू नयेत असे म्हटले.

माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा संपावी, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण या सगळ्या वादात आम्हाला दिसले ते हे: रस्ता ठरवणारा एक, ठेका घेणारा दुसरा, आणि घसरलेल्या घोड्याचा भुर्दंड सोसणारा तिसराच. रस्त्याचे अंदाजपत्रक करताना जनावराच्या पायाचा रकाना कोणी ठेवत नाही. पेणच्या गाडीवानाचेही तेच झाले. काँक्रीट कोणी केले ते त्याला विचारून केले नाही, पत्रीचा वाढीव खर्च मात्र त्याच्या खिशातून गेला.

अशा वेळी कोणी म्हणेल, घोडेवाल्यांनी बूट घ्यावेत, प्रश्न मिटला. तसा तो मिटत नाही. रस्त्याच्या खर्चाचा एक हिस्सा गुपचूप जनावराच्या मालकावर ढकलायचा आणि वर त्याला "आधुनिक व्हा" असा उपदेश करायचा, ही रीत आपल्या चांगल्या ओळखीची आहे. बूट घेणे मालकाच्या फायद्याचे असेल तर तो घेईलच. पण बदललेल्या रस्त्याची भरपाई म्हणून त्याने तो स्वतःच्या पैशाने घ्यावा, हे आम्हाला मान्य नाही.

बैलाचा हिशेब

आता आपल्या गोठ्याकडे वळू. घोड्याचा बूट बैलाला चालत नाही. बैलाच्या खुराची दोन नखे, ती चालताना वेगवेगळी हलतात. पण त्यामागचा विचार जसाच्या तसा लागू पडतो: संरक्षण लागेल तेव्हा, लागेल तितकेच.

कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याचा बैल वर्षात किती दिवस रस्त्यावर असतो? वखरणी, पेरणी, डवरणी ही सगळी मातीतली कामे. कापूस जिनिंगला किंवा खरेदी केंद्रावर आता बहुतेक ठिकाणी पिकअप नाही तर ट्रॅक्टर नेतो. बैलगाडी उरली ती शेतापासून घरापर्यंत. मग आठ पत्र्या कशासाठी?

प्रत्येकाने हिशेब मांडावा. नालबंदाची एका वेळची मजुरी गुणिले वर्षातल्या खेपा. त्यात बैल पाडताना होणारी इजा, दोराचे वळ, एखादा चुकलेला खिळा आणि त्याने बुडालेले दिवस मिळवा. दुसऱ्या बाजूला लिहा: पत्री नसती तर बैल दुखला असता असे दिवस किती? ज्याचा बैल रोज डांबरावर किंवा खडीवर चालतो त्याची दुसरी बाजू जड भरेल. त्याने पत्री जरूर मारावी, मात्र वेळेवर काढून खूर तासून घ्यावा. ज्याचा बैल मातीतच असतो त्याने हंगामात पत्री काढून टाकून पाहावी. एकदम नको. आधी उन्हाळ्यात, काम नसताना, एका जोडीवर. पाय कसा झिजतो, कुठे चिरतो, ते दर आठवड्याला पाहावे आणि मगच ठरवावे. शेतात नवे वाण आधी दोन गुंठ्यांवर पेरून पाहतो, तसेच हे.

आपल्याकडे उन्हाळ्यात खूर कोरडा पडून पुढून चिरतो. चीर वर चढायच्या आधी कड घासून गोल करावी. जनावर ओल्या शेणा-मुतात उभे राहणार नाही एवढी गोठ्याची जमीन कोरडी ठेवावी. बैल लंगडला म्हणजे दोष नेहमी पत्रीचाच नसतो. दोन नखांच्या मधली जागा पाहावी, तोंडात फोड आहेत का ते पाहावे. लाळ्या-खुरकूत असेल तर ते वेगळे प्रकरण आहे. त्याची लस सरकारी कार्यक्रमातून मिळते, ती चुकवू नये. एकच नख दुखत असेल तर पशुवैद्यकाला सांगून जोडीच्या निरोगी नखाखाली लाकडाचा किंवा रबराचा ठोकळा चिकटवून घेता येतो. वजन चांगल्या नखावर जाते, दुखरे अधांतरी राहून भरून येते. दूधधंद्यात ही पद्धत रुळली आहे. बैलाला का नको?

नालबंद आपला शत्रू नव्हे

हे वाचून कोणी गावातल्या नालबंदावर घसरू नये. उन्हातान्हात गावोगाव फिरून, जनावराच्या लाथा खाऊन तो हे काम करतो. खूर उचलून पाहणारा गावात तोच एक माणूस उरला आहे. त्यालाही कोणी शास्त्र शिकवले नाही आणि खूर तासण्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. पैसे मिळतात ते पत्री ठोकण्याचे, मग तो पत्रीच ठोकणार. आपण त्याला खूर तासण्याची मजुरी द्यायला लागलो तर तोच आपला खुराचा वैद्य होईल.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याच्या प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली नालबंदांना परवाना देण्याचे नियम झाले. साठ वर्षे झाली. आपल्यापैकी कितीजणांनी परवाना असलेला नालबंद पाहिला आहे? परवान्याचा कागद वाढवून एक नवा हप्ता सुरू करा, असे आम्ही म्हणणार नाही. त्या कारागिराला आधी शिक्षण मिळावे, कागदाचे नंतर पाहता येईल. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ २००० पासून आहे. दहा-पंधरा दिवसांचा खुराचा वर्ग तालुक्याच्या गावी घेणे त्यांना जड नाही.

बैठकीत काय मांडायचे

या जिल्हा बैठकीत आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत. तुम्हाला पटल्या तर हात वर करा, न पटल्या तर उभे राहून सांगा.

एक: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिन्यातून एक दिवस खुराचा असावा. तासायची हत्यारे आणि बैल न पाडता उभा धरता येईल असा खोडा तिथे असावा.

दोन: नालबंदांना प्रशिक्षण मिळावे, आणि गावाने खूर तासण्याची मजुरी वेगळी ठरवून द्यावी. यातली दुसरी गोष्ट सरकारच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

तीन: गावातून जाणारा रस्ता काँक्रीटचा होत असेल तर एका कडेला जनावरांसाठी मातीची किंवा मुरमाची पट्टी सोडावी. ग्रामसभेत हा ठराव रस्ता होण्याआधी करायचा, झाल्यावर नव्हे.

चार: बैलाच्या दुभंगलेल्या खुराला बसेल असा, काढता-घालता येणारा जोडा कोणी करून पाहावा. जुन्या टायरची चप्पल वर्षानुवर्षे शिवणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि कृषी अभियांत्रिकीची महाविद्यालयेही आहेत. दोघांची गाठ पडत नाही, एवढेच. असा जोडा तयार झाला आणि आमच्या बैलाला टोचला तर तसे याच पानावर लिहू. चालला तर तेही लिहू.

नवे आले म्हणून हुरळून जायचे नाही आणि जुने आहे म्हणून कवटाळून बसायचे नाही, हे आपण बियाण्याच्या बाबतीत शिकलो. पायाच्या बाबतीतही तेच. नागोठण्याचा बूट, पेणची पत्री आणि रोह्याच्या वाड्यातला अनवाणी पाय, तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. फक्त जागा कोणती, हे ठरवण्याआधी पाय उचलून पाहिला पाहिजे.

घोडामैदान लांब नाही. मृग येईल, पाऊस पडेल, वाफसा होईल आणि त्या सकाळी बैल जुंपायचे असतील. त्याच्या दोन महिने आधी, आज संध्याकाळीच, कंदील नाही तर मोबाइलचा उजेड घेऊन गोठ्यात जा. बैलाच्या खांद्यावर हात ठेवा, त्याचा पाय गुडघ्यात दुमडून वर घ्या, तळवा पुसा, खडा असेल तर काढा. आजीने सांगितलेले काम एवढेच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.